ऐकू न येणाऱ्या डॉक्टरांचा फोरम

माझे वडील पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. पदवीनं ते डॉक्टर नव्हते, पण भूम आणि तुळजापूर तालुक्यांतल्या गावांत त्यांना सगळे डॉक्टरच म्हणायचे. निवृत्तीनंतरही त्यांचा फोन थांबला नाही. बहुतेक फोन शेळ्यांचे असायचे. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं, पण इथली काळी शेळी अजून जुन्याच नावानं, उस्मानाबादी म्हणूनच ओळखली जाते, आणि तिचं काही दुखलं-खुपलं की लोक बाबांना फोन लावायचे. बाबा जेवता जेवता डावा हात पुढं करून फोन उचलायचे.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक आहे. आई गेल्यावर बाबा बेंबळीचं घर बंद करून माझ्याकडं राहायला आले. त्यानंतर वर्षभरात त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. त्यांनी ते कबूल केलं नाही. फोनवर ते पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलू लागले, एवढंच मला जाणवलं होतं, आणि मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

एका दुपारी भूम तालुक्यातल्या ईट गावाहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्याकडं अकरा शेळ्या होत्या. त्यातली एक चार दिवसांपूर्वी व्याली होती. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळधरनं शेळी फुगलीया, उठंना झालीया." बाबांना ऐकू आलं, शेळी भुकेलीया. चार दिवसांची बाळंतीण, भुकेली, उठत नाही, म्हणजे अशक्तपणा, असा त्यांनी हिशेब बांधला. त्यांनी कोमट पाण्यात धान्याचा भरडा आणि गूळ कालवून पाजायला सांगितलं. बाईंनी सांगितलं तसं केलं. पोट फुगलेल्या जनावराला भरडा दिला तर पोट आणखी फुगतं, हे त्यांनाही थोडंफार माहीत असणार, पण सांगणारे डॉक्टर होते. संध्याकाळी शेळी मेली.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा परत फोन आला तेव्हा बाबा आंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. बाई रागावलेल्या नव्हत्या. शेळीची दोन करडं होती, त्यांना आता दूध कसं पाजायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता कालचं सगळं निघालं. मी ऐकून घेतलं. बाबा बाहेर आल्यावर मी सांगायला लागले, तर ते म्हणाले, "मोठ्यानं बोल." ते वाक्य मोठ्यानं बोलायची माझी तयारी नव्हती. मी गॅसच्या पावतीच्या मागं लिहून दिलं : भुकेली नव्हती, फुगली होती.

बाबांनी ते वाचलं. करडांना दूध कसं आणि किती पाजायचं ते त्याच कागदावर खाली लिहिलं आणि मला बाईंना सांगायला लावलं. मग फोन कपाटात ठेवून दिला.

महिनाभर तो तिथंच होता. मी कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, मशीन घेतलं. मशीन लावून त्यांना टीव्ही बरा ऐकू यायचा, पण फोन बाहेर काढून लावून पाहिला तर त्यावर नुसती शिट्टी वाजायची. मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर शेळीपालकांच्या एका ग्रुपात घातलं, म्हणजे लिहून बोलता येईल. पण तिथं कुणी लिहीतच नव्हतं. सगळे बोलून पाठवायचे. शेरडाच्या मागं चालता चालता कोण टाइप करत बसणार? बाबांच्या फोनवर आवाजाच्या पट्ट्यांची रांग लागायची आणि ते त्या बोटानं वर सारत राहायचे. जे थोडं लिहून यायचं ते फुलांच्या चित्रांखाली गाडलं जायचं. पंधरा दिवसांनी त्यांनी फोन परत कपाटात ठेवला आणि मला विचारलं, "अशी जागा नसती का, जिथं विचारलेलं लिहूनच विचारायचं, अन् एकदा सांगितलेलं तिथंच राहील?"

मी म्हटलं, "असती की. फोरम म्हणतात त्याला."

"मग ते कर."

मला वाटलं, दोन रविवारांचं काम आहे.

आमच्या बेंबळीच्या विहारात एक छोटं वाचनालय आहे. त्याच्या पुस्तकांची यादी लोकांना घरबसल्या पाहता यावी म्हणून मी पूर्वी एक वेबसाइट केली होती, आणि त्यासाठी शेअर्ड होस्टिंगचं खातं घेतलं होतं. शेअर्ड म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या साइट. जागा, मेमरी सगळं वाटून घ्यायचं, आणि कुणी जास्त घेतलं की कंपनी त्याचं खातं अडवते. वाचनालयाच्या यादीला एवढं भरपूर होतं. त्याच खात्यावर फोरम बसवायचा मी ठरवलं.

आधी बाबांना विचारलं, काय काय पाहिजे. त्यांनी वही काढून लिहिलं. अक्षर मोठं पाहिजे. रानात जिथं सिग्नल एक दांडी असतो तिथंही उघडलं पाहिजे. जुनं शोधता आलं पाहिजे. चौथ्या ओळीत त्यांनी लिहिलं, आवाज नको.

पहिल्यांदा मी जो फोरम पाहिला तो दिसायला सगळ्यांत देखणा होता. आमच्या कॉलेजातले शिक्षक त्याचीच शिफारस करत होते. पण त्याला स्वतंत्र सर्व्हर लागायचा. आमच्या खात्यावर तो बसणंच शक्य नव्हतं, हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला.

दुसरा जुना आणि नावाजलेला होता. होस्टिंगच्या पॅनेलवर त्याचं बटण तयारच होतं; ते दाबलं आणि पाच मिनिटांत फोरम उभा राहिला. बाबा खूश झाले. त्यांनी शेळी विताना घ्यायची काळजी यावर लेख लिहायला घेतला. आधी वहीत लिहिला, मग माझ्या लॅपटॉपवर एकेक अक्षर शोधत तीन दिवस टाइप केला. पाठवलं. पानावर वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं उमटली. डेटाबेस जुन्या पद्धतीनं तयार झाला होता, त्याला देवनागरी ठेवताच येत नव्हती. मूळ मजकूर परत मिळवायचा काही उपाय नव्हता; तो प्रश्नचिन्हं म्हणूनच साठला होता.

बाबांनी पान खालपर्यंत सरकवून पाहिलं. म्हणाले, "वहीत आहे माझ्या."

मी डेटाबेस सुधारला, आणि वहीतून लेख या वेळी मी टाइप केला. पण त्याच आठवड्यात फोरमवर भलतीच मंडळी येऊ लागली. नावं परदेशी, मजकूर जुगाराचा आणि गोळ्यांचा. मी दुपारच्या सुट्टीत पुसून काढायची, घरी येईपर्यंत तेवढीच परत आलेली असायची. ही सगळी यंत्रं होती, माणसं नव्हतीच. त्यांच्या येण्याजाण्यानं आमच्या वाट्याची मेमरी संपली आणि कंपनीनं खातं बंद ठेवलं. फोरमबरोबर वाचनालयाची यादीही गेली. विहारातून फोन आला, "ताई, आपली साइट दिसंना झालीय." मी कंपनीला माफीचं पत्र लिहिलं, फोरम काढून टाकला, आणि तीन दिवसांनी यादी परत दिसू लागली.

तेव्हा मला कळलं की फोरममध्ये काय काय आहे यापेक्षा काय काय नाही, हे आधी बघायला पाहिजे. मी लहान, हलके फोरम शोधायला लागले. असे पुष्कळ निघाले. एकेकट्या माणसांनी हौसेनं बनवलेले, थोड्याशा फायलींचे. बरेचसे सोडून दिलेले होते. एक मला फार आवडला होता, अगदी साधा आणि चपळ, पण त्याला कित्येक वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. उद्या त्यात भोक सापडलं तर बुजवणार कोण? मी दोन दिवस विचार करून तो सोडला. त्या काळात मी तीन वेगवेगळे फोरम खात्यावर चढवले आणि उतरवले. शनिवारी वाचनालयाच्या कामाला बेंबळीला गेले की स्टँडवर उभी राहून फोनवर प्रत्येक उघडून बघायची. तिथं सिग्नल बेताचा असतो. एक पान उघडेपर्यंत औशाची एसटी येऊन गेली, तो फोरम मी तिथंच बाद केला.

शेवटी दोन उरले. त्यातल्या एकाला वेगळा डेटाबेससुद्धा लागत नव्हता. सगळं एकाच फाइलीत राहायचं, आणि ती फाइल उतरवून घेतली की झाला बॅकअप. त्यात फोटोचं बिऱ्हाड नव्हतं, बिल्ले नव्हते, आवडलं-नावडलं नव्हतं. विषय, खाली उत्तरं, बस. मी तोच निवडला. बनवणारा कुठंतरी दूरच्या देशात एकटाच होता, पण दोन-तीन महिन्यांनी काहीतरी सुधारत होता. अडचण एकच होती : शोध. 'गाभण' असं टाकलं की काहीच मिळायचं नाही, नाहीतर भलतंच मिळायचं. काना-मात्रा-वेलांटी आली की शब्दाचे तुकडे व्हायचे.

मी त्या माणसाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. उत्तराची आशा नव्हती. दुसऱ्या दिवशी तीन ओळी आल्या. मला तुमची लिपी वाचता येत नाही. सापडायलाच पाहिजेत असे दहा शब्द पाठवा. प्रत्येक शब्द कुठल्या वाक्यात सापडला पाहिजे तेही पाठवा.

मी बाबांना वही दिली. दहाच शब्द निवडायचे म्हटल्यावर ते गंभीर झाले. दिवसभर त्यांचं लिहिणं आणि खोडणं चाललं होतं. गाभण, विणे, करडू, शेरडं, कास, लाळ, जंत, हगवण, गोचीड, असे नऊ झाले. दहावा शब्द त्यांनी संध्याकाळी लिहिला. फुगली.

मी दहा शब्द आणि दहा वाक्यं पाठवली. आठवड्यानं नवीन आवृत्ती आली. सोबत एक ओळ : दहापैकी नऊ सापडतात, दहाव्यावर काम चालू आहे. न सापडणारा शब्द 'विणे' होता. तो 'व्याली' लिहिलेल्या वाक्यात सापडायला हवा होता, आणि ते व्याकरण त्या माणसाला कुणी समजावून सांगावं हा प्रश्न होता. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. म्या लेखाखाली दोन्ही लिहीत जाईन." लेखाच्या शेवटी ते त्या दुखण्याला गावोगावी जे जे म्हणतात ते सगळे शब्द लिहू लागले. अजून लिहितात.

दुसरी अडचण मी स्वतः ओढवून घेतली होती. फोरमवर लिहायचं तर ईमेल लागायचा, पासवर्ड लागायचा. आमच्या ओळखीतल्या एकाही शेळीपालकाला आपला ईमेल माहीत नव्हता. मी ती अट काढली. वाचायला काहीच नको. विचारायला फक्त गावाचं नाव. पण मग ती परदेशी यंत्रं परत शिरणार. त्यासाठी असं केलं की आलेला प्रश्न आधी बाबांना दिसेल आणि त्यांनी 'मंजूर' दाबलं तरच तो सगळ्यांना दिसेल. बाबांना हे बटण समजावून सांगावं लागलं नाही. सगळी नोकरी त्यांनी मंजुरीची वाट बघण्यात काढली होती.

फोरम तयार झाला, आणि त्यावर बाबांच्या लेखाशिवाय काही नव्हतं. आठ-दहा दिवस असेच गेले. एका रविवारी मी बाबांना न सांगता भूमला गाडी बदलून ईटला गेले. त्या बाईंचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्या दारात शेवरीचा पाला बांधत होत्या. पन्नाशीच्या असतील. मी कुणाची कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातला पाला खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि मला बसायला पोतं टाकलं.

"डॉक्टर बरं हायेत न्हवं? फोन लागंना त्यंचा."

"बरे आहेत मावशी. ऐकू येत नाही त्यांना आता. म्हणूनच त्या दिवशी तसं झालं."

त्यांनी पाल्याची पेंढी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "व्हय? मला वाटलं, माझंच सांगायचं चुकलं. म्या म्हनलं, आपुन अडान्यावानी कायतरी बोललो आसंल."

हे मला अपेक्षित नव्हतं. तीन-चार महिने बाई स्वतःला दोष देत होत्या आणि बाबा स्वतःला, आणि मधल्या काळात मी सॉफ्टवेअर निवडत बसले होते.

मी त्यांच्या फोनवर फोरम उघडून दिला. लगेच उघडला. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या. ओठ हलवत, सावकाश, पण नीट वाचायच्या. बाबांचा लेख त्यांनी निम्मा वाचला. मी म्हटलं, "यात तुम्हाला काय विचारायचं ते लिहून विचारा. बाबा लिहून सांगतील."

"आता काय इचारू? समदी नीट हायेत."

"काहीही विचारा."

त्यांनी फोन माझ्याकडं दिला. "तुमीच लिवा. म्या सांगती." मग अंगणातल्या दोन करडांकडं बघत त्यांनी सांगितलं, "लिवा, त्या दिशी शेळी फुगली व्हती, तवा काय करायला पायजे व्हतं?"

मी त्यांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिलं. खाली गाव लिहिलं, ईट. पाठवण्याआधी मी विचारलं, "हेच पाठवू? बाबांना वाईट वाटेल."

"वाईट कशापाई? म्या काय राग धरला न्हाय. पर पुन्यांदा फुगली तर मला म्हाईत नगं?"

मी पाठवलं.

घरी पोहोचले तेव्हा बाबा लॅपटॉपसमोर बसले होते. प्रश्न मंजूर झालेला होता, पण खाली उत्तर नव्हतं. त्यांनी मला कुठं गेली होतीस असं विचारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "लई सरळ इचारलंय बाईनं."

उत्तर लिहायला त्यांना दोन दिवस लागले. आधी वहीत, मग लॅपटॉपवर. त्यांनी लिहिलं की शेळी फुगली की खाणं ताबडतोब बंद करायचं, तिला आडवी पडू द्यायची नाही, पुढचे पाय उंचावर येतील अशी उभी करायची, हळूहळू चालवायची, आणि लगेच दवाखाना गाठायचा. दूरवरून कुणी काय सांगितलं म्हणून घरी बसून राहायचं नाही. भरडा, धान्य काही द्यायचं नाही. मग एक ओळ सोडून लिहिलं : त्या दिवशी मी भरडा द्यायला सांगितलं. मला नीट ऐकू आलं नव्हतं आणि मी परत विचारलं नाही. चूक माझी होती, बाईंची नव्हती. त्याखाली नेहमीप्रमाणे सगळे शब्द लिहिले : फुगली, पोटफुगी, पोट फुगणे, गुबारा.

ते पाठवायच्या आधी त्यांनी मला वाचायला दिलं. शेवटच्या ओळींबद्दल मी म्हटलं, "हे ठेवायलाच पाहिजे का? सगळ्यांना दिसेल."

त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी माऊस माझ्या हातातून घेतला आणि बटण दाबलं.

आठवडाभरात तो प्रश्न उत्तरासकट ईटमध्ये बऱ्याच फोनांवर फिरला. बाईंनीच फिरवला असावा. मग प्रश्न येऊ लागले. भूमहून, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून, तुळजापूरच्या बाजूच्या गावांतून. रोज एक-दोन, पावसाळ्यात जास्त. काही प्रश्न शेळ्यांचे नसतात. एकानं कोंबड्यांचं विचारलं, एकानं दाखला कुठं मिळतो ते. बाबा तेही मंजूर करतात आणि खाली लिहितात, मला माहीत नाही. लोक आता एकमेकांनाही उत्तरं देतात. एकदा बाबांनी शेळ्यांना सकाळी उशिरा, दव उडाल्यावर चरायला सोडा असं लिहिलं होतं. त्यावर ईटच्या त्याच बाईंनी स्वतः टाइप करून लिहिलं की कामाला जाणाऱ्या बाईला उशिरा सोडायला जमत नाही, त्यापेक्षा आधी घरी वाळला कडबा खाऊ घालून मग सोडावं. बाबांनी ते मंजूर केलं आणि खाली लिहिलं, बरोबर आहे, हेच करा.

फोन त्यांनी कपाटातून काढला, पण उचलत नाहीत. कुणाचा फोन येऊन गेलेला दिसला तर ते मेसेजनं कळवतात की लिहून विचारा, आणि फोरमचा पत्ता पाठवतात. कुणाकुणाला ते उद्धटपणाचं वाटतं. काही जुनी माणसं त्यामुळं तुटली. बाबांना त्याचं वाईट वाटतं का, हे मला सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यात फोरमची नवीन आवृत्ती आली. तो दूरदेशीचा माणूस अजून काम करतो आहे. मी फाइल उतरवून घेतली, फोरम बंद केला आणि नवीन चढवायला लागले. दुपारची वेळ होती. दहा मिनिटं झाली असतील. बाबा उठून माझ्या खोलीच्या दारात आले, चष्मा हातात.

"बंद पडलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर आली होती. ते आत येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले, आणि पट्टी पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडं बघत राहिलो.